पोटातील शेजारी

मुलांनो, शाळा सुटली की तुम्ही घराकडे धाव घेता. दप्तर खाली ठेवता आणि विचारता, "अम्मी, जेवायला काय आहे?" तेव्हा तुमच्या पोटात कावळे ओरडत असतात. 'पोटात कावळे ओरडणे' हा मराठीतील एक वाक्प्रचार आहे. फार भूक लागली म्हणजे असे म्हणतात. पोटात खरोखरचे कावळे नसतात. रिकाम्या जठरातील आणि आतड्यांतील हवा व रस हलतात, म्हणून गुडगुड आवाज येतो. मग पोटात असते तरी काय? चला, आज आपण पोटाच्या वरच्या भागाची ओळख करून घेऊ.

बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात चकलांबा नावाचे गाव आहे. समजा, तुम्ही या गावात राहता. तुमच्या अम्मीने ताटात गरम भाकरी आणि पिठले वाढले आहे. तुम्ही एक घास तोंडात घातला. तो चावला, गिळला आणि तो दिसेनासा झाला. पण घासाचा प्रवास आता कुठे सुरू झाला आहे.

प्रथम आपला उजवा हात उजव्या बाजूच्या शेवटच्या बरगड्यांवर ठेवा. आता डावा हात डाव्या बाजूच्या शेवटच्या बरगड्यांवर ठेवा. दीर्घ श्वास घ्या. तुमच्या दोन्ही हातांखाली काही अवयव आहेत. छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूचा एक पातळ पडदा असतो. त्याचा आकार मशिदीच्या घुमटासारखा असतो. त्याला श्वासपटल म्हणतात. घुमटाच्या वर हृदय आणि फुप्फुसे राहतात. घुमटाच्या खाली पाच शेजारी राहतात. जठर, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड आणि प्लीहा ही त्यांची नावे. नावे कठीण वाटली तरी घाबरू नका. यांतील प्रत्येकाला तुम्ही उर्दू नावाने ओळखता.

पहिला शेजारी जठर. उर्दूत त्याला मेदा म्हणतात. जठर पोटाच्या वरच्या भागात, बरेचसे डावीकडे असते. ते एका लवचीक पिशवीसारखे असते. मोठ्या माणसाच्या जठरात जेवणानंतर एक ते दीड लीटर अन्न व पाणी मावते. तुम्ही गिळलेला घास अन्ननलिकेतून येथे येतो. जठर त्याला घुसळते आणि त्यात तीव्र आम्ल व पाचक रस मिसळते. दोन ते चार तासांत अन्नाची पातळ पेज होते. हे आम्ल इतके तीव्र असते, तर मग जठर स्वतःच का जळत नाही? कारण त्याच्या आतल्या बाजूला बुळबुळीत पदार्थाचे अस्तर असते. अन्नाबरोबर आलेले अनेक जंतू या आम्लात मरतात. पण सगळेच मरत नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती आपल्याला लागणार आहे.

जठरातील काम पूर्वी फारसे कोणी डोळ्यांनी पाहिले नव्हते. १८२२ साली अमेरिकेत अलेक्सी सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण त्याच्या जठरापर्यंत गेलेले छिद्र काही बुजले नाही. विल्यम बोमंट हे त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर. त्यांनी अन्नाचे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधले. छिद्रातून ते जठरात सोडले आणि थोड्या थोड्या वेळाने बाहेर काढून पाहिले. जठर अन्न नुसते घुसळत नाही, तर त्याचा रस अन्न विरघळवतो, हे त्यांना दिसले. १८३३ साली त्यांनी आपले निरीक्षण पुस्तकात छापले.

दुसरा शेजारी यकृत. यालाच तुम्ही जिगर म्हणता. बकरी ईदला तुम्ही घरी कलेजी पाहिली असेल. ती बकऱ्याचे यकृत असते. माणसाचे यकृतही तसेच तांबूस तपकिरी असते. ते उजव्या बरगड्यांच्या आड लपलेले असते. मोठ्या माणसाच्या यकृताचे वजन सुमारे दीड किलो भरते. शरीराच्या आतील अवयवांत यकृत सर्वांत मोठे आहे. शूर माणसाला आपण 'जिगरबाज' म्हणतो आणि जवळच्या मित्राला 'जिगरी दोस्त' म्हणतो. हे शब्द उर्दूप्रमाणे मराठीतही रुळले आहेत. लोकांनी या अवयवाला एवढा मान दिला, तो योग्यच आहे.

यकृत काय काय करते? सुगीच्या दिवसांत शेतकरी धान्य कणगीत भरून ठेवतो आणि गरज पडली की काढतो. यकृत तसेच करते. जेवणानंतर रक्तात साखर वाढली, की ते जादा साखर आपल्याजवळ साठवून ठेवते. रमजानच्या महिन्यात मोठी माणसे रोजा ठेवतात. सहरीनंतर इफ्तारपर्यंत ती काही खात नाहीत. तरी ती चालतात, बोलतात, काम करतात. ही शक्ती कोठून येते? यकृत आपली कणगी उघडते आणि साखर थोडी थोडी रक्तात सोडते. याशिवाय यकृत रक्तातील विषारी पदार्थ निरुपद्रवी करते. जखम झाल्यावर रक्त गोठावे म्हणून लागणारे पदार्थ तयार करते. आणि ते पित्त नावाचा हिरवट पिवळा रस बनवते.

इब्न सीना (९८०–१०३७) हे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांनी 'अल-कानून फित-तिब' हा वैद्यकाचा मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवाच्या रोगांची माहिती आहे. यकृताचे महत्त्व त्यांना ठाऊक होते. अन्नाचे सार यकृतात जाते आणि तेथे त्याचे रक्त बनते, असे त्या काळचे हकीम मानत. अन्नाचे सार आतड्यांतून यकृतात जाते, हे खरेच आहे. मात्र रक्तातील पेशी हाडांच्या आतील मज्जेत तयार होतात, हे पुढच्या काळात समजले. ज्ञान असेच पायरीपायरीने वाढते.

तिसरा शेजारी पित्ताशय, म्हणजे पित्ता. ते यकृताच्या खालच्या बाजूला चिकटलेले असते. त्याचा आकार लहान पेरूसारखा किंवा नासपतीसारखा असतो. यकृतात तयार झालेले पित्त येथे साठते आणि घट्ट होते. आपण तेलातुपाचे जेवण जेवलो, की पित्ताशय आकुंचन पावते आणि पित्त आतड्यात सोडते. साबणाने जसा तेलकट हात स्वच्छ होतो, तसे पित्तामुळे तेलातुपाचे बारीक थेंब होतात. मग ते पचायला सोपे जातात. मराठीत कोणी फार रागावले, तर त्याचे 'पित्त खवळले' असे म्हणतात.

चौथा शेजारी स्वादुपिंड. उर्दूत त्याला लबलबा म्हणतात. तो फार लाजाळू आहे. जठराच्या मागे आडवा पडून असतो. त्याची लांबी सुमारे १५ सेंटिमीटर असते. तो दोन कामे करतो. एक म्हणजे पाचक रस तयार करून लहान आतड्यात सोडतो. भाकरी, डाळ, तेल या सर्वांना तो रस पचवतो. दुसरे म्हणजे तो इन्शुलिन तयार करून रक्तात सोडतो. इन्शुलिन कमी पडले किंवा त्याचा परिणाम नीट झाला नाही, तर रक्तातील साखर वाढते. यालाच मधुमेह म्हणतात. १९२१ साली कॅनडात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी स्वादुपिंडातून इन्शुलिन वेगळे काढले. जानेवारी १९२२ मध्ये ते १४ वर्षांच्या एका आजारी मुलाला प्रथम दिले गेले. तोपर्यंत मधुमेह झालेली लहान मुले फार काळ जगत नसत.

पाचवा शेजारी प्लीहा, म्हणजे तिल्ली. ती डाव्या बरगड्यांच्या आड, जठराच्या शेजारी असते. ती साधारण मुठीएवढी असते. अन्न पचवण्याशी तिचा संबंध नाही. ती रक्त गाळते आणि रोगजंतूंशी लढायला मदत करते. रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. म्हाताऱ्या झालेल्या पेशी प्लीहा मोडून टाकते. हिवताप झाला, की हे काम वाढते आणि प्लीहा सुजते. म्हणून तापाच्या रोग्याची डावी कूस डॉक्टर हाताने दाबून पाहतात.

आता हे शेजारी एकमेकांशी कसे जोडलेले आहेत, ते पाहा. प्लीहेत जुन्या तांबड्या पेशी मोडल्या, की एक पिवळा पदार्थ तयार होतो. त्याला बिलिरुबिन म्हणतात. रक्त तो यकृताकडे नेते. यकृत तो पित्तात मिसळते. पित्त आतड्यात उतरते आणि तो पदार्थ शौचावाटे बाहेर पडतो. हा व्यवहार रोज, रात्रंदिवस, गुपचूप चालू असतो. पण यकृत आजारी पडले, किंवा पित्ताच्या वाटेत खडा अडकला, तर काय होईल? पिवळा पदार्थ रक्तातच साठत जाईल. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसू लागेल. लघवी गडद पिवळी होईल. भूक मरेल, मळमळ होईल. हीच कावीळ. उर्दूत तिला यरकान म्हणतात.

म्हणजे कावीळ डोळ्यांत दिसते, पण दुखणे बहुधा बरगड्यांच्या आड असते. पिवळा डोळा हा यकृताने पाठवलेला निरोप आहे. तो वाचता आला पाहिजे.

यकृत आजारी का पडते? आपल्याकडे पुष्कळदा याचे कारण घाण पाणी हे असते. पाण्यात सांडपाणी मिसळले, की काविळीचे विषाणू त्यात येतात. ते पाणी आपण पितो. जठरातील आम्लात सगळे जंतू मरत नाहीत, हे तुम्हांला आठवत असेल. काविळीचे विषाणू त्यातून वाचतात. आतड्यांतून ते रक्तात जातात. आतड्यांतून निघालेले रक्त आधी यकृतात जाते. अन्नाची हीच वाट विषाणूही धरतात.

डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये दिल्लीत काविळीची फार मोठी साथ आली. यमुना नदीतून शहरासाठी जेथून पाणी घेत, तेथे एका नाल्याचे सांडपाणी शिरले होते. सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. त्या रोग्यांच्या रक्ताचे काही नमुने जपून ठेवले होते. १९८० साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील शास्त्रज्ञांनी परदेशी शास्त्रज्ञांबरोबर ते तपासले. ही कावीळ तोपर्यंत माहीत असलेल्या विषाणूंची नव्हती, असे त्यांना आढळले. पुढे त्या वेगळ्या रोगाला हिपॅटायटिस 'ई' हे नाव मिळाले. आपल्या महाराष्ट्रातही असे घडले आहे. २०१२ साली कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी शहरात याच रोगाची साथ आली. हजारो लोक आजारी पडले आणि काहींचे प्राण गेले. हा रोग गरोदर स्त्रियांना विशेष घातक ठरतो.

तुम्ही म्हणाल, ही शहरांची गोष्ट झाली. आपल्या खेड्याचा तिच्याशी काय संबंध? संबंध आहे. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. फडाजवळ कोपी घालून राहतात. तुमच्यापैकी कोणी आईवडिलांबरोबर गेलेही असाल. तेथे विहीर, ओढा, कालवा, जे पाणी मिळेल ते प्यावे लागते. गावातही उन्हाळ्यात टंचाई असते. टँकर आला की आपण हंडे, बादल्या, पिंप, जे हाताला येईल ते भरून ठेवतो. पाणी कमी असले म्हणजे हात धुणेही मागे पडते. रोगाला तेवढे पुरते.

मग काय करावे? पिण्याचे पाणी उकळावे. तुरटी फिरवल्याने पाणी नितळ दिसते, पण विषाणू मरत नाहीत. पाणी चांगले खळखळून उकळले म्हणजे ते मरतात. सगळे पाणी उकळायला जळण पुरत नसेल, तर निदान पिण्यापुरते उकळावे. ते झाकून ठेवावे आणि ओगराळ्याने घ्यावे. शौचाहून आल्यावर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. रक्तावाटे पसरणारी एक कावीळही असते. तिला हिपॅटायटिस 'बी' म्हणतात. ती दूषित सुईने किंवा दुसऱ्याच्या वस्तऱ्याने होऊ शकते. कान टोचताना, गोंदताना सुई नवी आहे ना, हे पाहावे. या काविळीची लस बाळाला जन्मल्यावर लगेच देतात. घरात बाळ झाले, तर ती चुकवू नये. दारू यकृताला हळूहळू नासवते, हेही लक्षात असू द्या.

एवढे करूनही घरात कोणाचे डोळे पिवळे झाले, तर? काही लोक म्हणतात, "कावीळ उतरवून आणू." उतरवणारा रोग्याचे हात धुतो. पाणी पिवळे होते आणि लोकांना वाटते, कावीळ उतरली. यातील युक्ती ऐका. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस लावतात. तो वाळला की दिसत नाही. त्यावर चुन्याची निवळी ओतली की पाणी पिवळे होते. निरोगी माणसाचे हात असे धुतले तरी पाणी पिवळेच होईल! कोणी गळ्यात माळ घालतात, तर कोणी अंगाला डाग देतात. डागाने यकृत बरे होत नाही, उलट जखम मात्र होते. तरी अशा उपायांनी माणसे बरी झालेली दिसतात. असे का? कारण पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत आपोआप बरी होते. यकृत स्वतःला दुरुस्त करते आणि नाव मात्र माळेचे होते. पण ज्याचा आजार वाढत असतो, त्याचा मोलाचा वेळ या उपायांत वाया जातो.

उसाचा रस पिऊन कावीळ जाते, असेही म्हणतात. रसाने थोडी शक्ती येते, पण तो काविळीचे औषध नाही. रसात घातलेला बर्फ घाण पाण्याचा असेल, तर तोच रोग आणील.

म्हणून डोळे पिवळे दिसले, की रोग्याला आरोग्य केंद्रात न्यावे. डॉक्टर रक्त तपासतात आणि कावीळ कशामुळे झाली ते ठरवतात. विश्रांती घ्यावी, उकळलेले पाणी भरपूर प्यावे, भूक लागेल तसे साधे जेवण घ्यावे. मनाने कोणतेही औषध घेऊ नये, कारण औषधांचा भारही यकृतावरच पडतो. रोगी सारखी उलटी करू लागला, त्याला गुंगी आली, तो असंबद्ध बोलू लागला किंवा कोठून रक्त येऊ लागले, तर एक क्षणही न दवडता मोठ्या रुग्णालयात न्यावे. गरोदर स्त्रीला कावीळ झाली, तर पहिल्याच दिवशी न्यावे.

मुलांनो, पोटातील हे पाच शेजारी तुम्हांला कधी दिसत नाहीत. तुम्ही झोपता तेव्हाही ते जागे असतात. ते तक्रार फार उशिरा करतात आणि त्यांना बोलता येत नाही. घरात काही वेळा शाळेत जाणारे तुम्ही एकटेच असता. अब्बा म्हणतील, "माळ घालू, मग पाहू." तेव्हा त्यांना आदराने सांगा, "अब्बा, आधी दवाखान्यात जाऊ या." तुमचे एवढे एक वाक्य घरातील कोणाचा तरी जीव वाचवू शकेल.

शब्दार्थ

जठर – मेदा
यकृत – जिगर
पित्ताशय – पित्ता
स्वादुपिंड – लबलबा
प्लीहा – तिल्ली
कावीळ – यरकान
आतडे – आंत
हिवताप – मलेरिया
कणगी – धान्य साठवण्याची मोठी टोपली
कोपी – ऊसतोड कामगारांची झोपडी
ओगराळे – पाणी काढण्याचे दांड्याचे भांडे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) श्वासपटलाचा आकार कसा असतो?
(आ) शरीराच्या आतील सर्वांत मोठा अवयव कोणता?
(इ) पित्त कोठे तयार होते आणि कोठे साठते?
(ई) इचलकरंजीत काविळीची साथ कोणत्या साली आली?

२. कारणे लिहा.
(अ) जठरातील आम्लाने जठर जळत नाही.
(आ) रोजा ठेवणाऱ्याला दिवसभर काम करता येते.
(इ) कावीळ झाल्यावर डोळे पिवळे दिसतात.

३. जोड्या लावा.
'अ' गट : प्लीहा, स्वादुपिंड, जठर, पित्ताशय
'ब' गट : इन्शुलिन, पित्ताचा साठा, जुन्या तांबड्या पेशी, तीव्र आम्ल

४. वाक्यांत उपयोग करा.
पोटात कावळे ओरडणे, पित्त खवळणे, वेळ न दवडणे

५. चार-पाच वाक्यांत उत्तर लिहा.
घाण पाण्यातील विषाणू यकृतापर्यंत कसे पोहोचतात?

६. उपक्रम
तुमच्या घरात पिण्याचे पाणी कोठून येते, कशात साठवतात आणि कशाने काढतात, ते पाहा. त्याविषयी मराठीत आठ ओळी लिहा व वर्गात वाचून दाखवा.